डिजिटल वर्ग : प्लगपासून ‘श’पर्यंत, या चुका टाळा

लोकवर्गणीतून प्रोजेक्टर येतो, ग्रामपंचायत टॅब देते, दर्शनी भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ असं रंगवून होतं. सहा महिन्यांनी बघावं तर प्रोजेक्टर कपाटात आणि टॅब टेबलाच्या खणात. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मशीनच खराब निघालं.’ मशीन खराब निघतं, पण क्वचित. बहुतेक वेळा वर्ग अडतो तो वीज, धूळ, फॉन्ट आणि आदल्या दिवशी न केलेलं दहा मिनिटांचं काम यांच्यापाशी. यातलं जवळजवळ सगळं शाळेतच सुधारता येतं.

तिसरी पिन कापू नका

बोर्डात तीन पिनचा प्लग बसत नाही म्हणून जाड पिन कापणं किंवा दोन पिनचं ॲडॉप्टर लावणं ही सगळ्यात सर्रास आणि सगळ्यात धोक्याची चूक. संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, असंच धरून चाला आणि मुलांना त्याच्या जवळ फिरकू देऊ नका. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मीटरवर मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते काम, संगणक नंतर. अर्थिंगचा खड्डा असूनही उन्हाळ्यात ही तक्रार येते, कारण माती कोरडी पडते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं काम कुणाकडे तरी नेमून द्या.

इन्व्हर्टरच्या बाबतीत हिशेबच चुकतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत, वर इन्व्हर्टरमधली घट वजा करा, हातात उरतात साधारण ७०० ते ७५०. प्रोजेक्टर आणि संगणक मिळून ३५० वॅट ओढत असतील तर ती दोन तासांची शिदोरी. त्यावर चार पंखे आणि कार्यालयातला प्रिंटर जोडला की तासाच्या मध्येच अंधार होणार. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. जारचं ‘आरओ’चं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात क्षार असतात आणि प्लेटा लवकर मरतात.

वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की बटण बंद करणं पुरत नाही. प्लग काढा, आणि इंटरनेटची तांब्याची वायर किंवा डिशची केबलही काढा. वीज त्या वाटेनंही आत येते.

प्रोजेक्टरचा शत्रू खडू

पंधरा-वीस मिनिटं चालून प्रोजेक्टर आपोआप बंद होतो आणि लाल दिवा लागतो, तेव्हा ‘बल्ब गेला’ असं ठरवून दुरुस्तीला पाठवू नका. आधी एअर फिल्टर उघडा. वर्गात खडू चालू असेल तर तो पांढऱ्या भुकटीनं भरलेला असतो. हवा आत जात नाही, आतलं तापमान वाढतं आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. फिल्टर बाहेर काढून मऊ ब्रशनं झाडा, दर पंधरा दिवसांनी. तोंडानं फुंकू नका. धूळ आत सरकते, शिवाय थुंकीचा ओलावा. यंत्राच्या जाळ्या भिंतीपासून फूटभर मोकळ्या हव्यात. बल्बचा प्रोजेक्टर रिमोटनं बंद केल्यावर त्याचा पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. शाळा सुटायच्या घाईत हे हमखास राहतं.

‘नो सिग्नल’ आलं की विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र दिसतं पण आवाज नाही, तर आवाज एचडीएमआय केबलमधून प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे गेलेला असतो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन बाहेरचा स्पीकर निवडला की झालं. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात कोणताच स्पीकर पुरत नाही. त्या दिवशी आवाजाचा पाठ ठेवूच नये.

भिंत ऑइल पेंटची असेल तर मधोमध चकाकीचा गोळा दिसतो आणि कडेला बसलेल्या मुलांना अक्षर दिसत नाही. चित्र पडतं तेवढाच चौकोन बिनचमकीच्या पांढऱ्या रंगानं रंगवा. महागडा पडदा लागत नाही. तिरक्या ठेवलेल्या प्रोजेक्टरचं चित्र ‘कीस्टोन’ या सोयीनं सरळ करता येतं, पण त्यात अक्षरांच्या कडा धूसर होतात, म्हणून टेबलच सरळ लावा.

आता अक्षराचा आकार. ढोबळ नियम असा की शेवटच्या मुलाच्या अंतराचा दोनशेवा भाग, एवढं अक्षर उंच हवं. शेवटची बसकरपट्टी सहा मीटरवर असेल तर अक्षर तीन सेंटीमीटर. १.८ मीटर रुंद चित्रात ते साधारण ३२ पॉइंटला येतं, पण वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार धरता पहिली-दुसरीसाठी ४४च्या खाली उतरू नये. एका स्लाइडवर सात ओळी कोंबल्या की ती स्लाइड फक्त पहिल्या रांगेसाठी उरते.

पुस्तकातला ‘ल’ आणि पडद्यावरचा ‘ल’

ही चूक मोठ्यांच्या लक्षातच येत नाही, कारण आपण दोन्ही वळणं सहज वाचतो. बालभारतीच्या पुस्तकात मूल पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ शिकतं. संगणकावरचे अनेक देवनागरी फॉन्ट मात्र हिंदी वळणाचे असतात, त्यांत ‘ल’ला उभी दांडी येते आणि ‘श’चा देठ नाहीसा होतो. पहिलीतलं मूल ‘शाळा’ शब्दाशी अडतं, आपण समजतो त्याला येत नाही. त्याला येत असतं, पडद्यावरचं अक्षरच वेगळं असतं.

उपाय सोपा आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं मोफत दिलेला यशोमुद्रा फॉन्ट किंवा मराठी वळणाचा दुसरा युनिकोड (कोणत्याही संगणकावर मराठीच राहणारा) फॉन्ट बसवा. काही फॉन्टांत दोन्ही रूपं दडलेली असतात, मजकूर निवडून त्याची भाषा हिंदीऐवजी मराठी केली की मराठी रूप समोर येतं. स्लाइड तयार झाली की तोरणासारखी सजवण्याआधी पुस्तकाचं पान शेजारी धरून ल, श, ख आणि जोडाक्षरं ताडून बघा.

दुसरी गफलत ‘ऱ्य’ची. साधा र, मग हलंत, मग य असं टाइप केलं तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, म्हणजे रफार ‘य’वर चढतो आणि वाचायला भलताच शब्द तयार होतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबा, ‘ऱ’ येतो. त्यानंतर हलंत डीवर, य तिरप्या रेघेच्या कळीवर. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा यांनाही हाच ‘ऱ’. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर आहे. मराठी-इंग्रजी अदलाबदल विंडोजची कळ आणि स्पेसबारनं होते. हे आठ दिवस चुकतमाकत केलं की हात बसतो.

तिसरी गफलत जुन्या फॉन्टांची. डीटीपीवाल्याकडून श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये करून आणलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. त्या फाईलमध्ये मराठी नसतंच. आत इंग्रजी कळांचे संकेत असतात आणि फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग ओळन्‌ओळ वाचा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ ही तीन ठिकाणं रूपांतरात हटकून बिघडतात. स्लाइड दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल तर पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये, सेव्हखाली, फॉन्ट फाईलमध्ये एम्बेड करण्याची खूण आहे, ती करा.

रेंजच्या भरवशावर तास घेऊ नका

अडतीस मुलं आणि पडद्यावर फिरणारं चाक. तीन मिनिटांत वर्ग हातातून जातो. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा पाठ आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवता येतो आणि मग नेट लागत नाही. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नसेल (पान चुरगळलंय, फोनची काच चरे पडलेली), तर त्या कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो. तो ॲपमध्ये टाइप केला की तोच पाठ उघडतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी पुस्तकांतले कोड वापराविना राहतात. स्कॅन करताना दीक्षाच्या आतलाच स्कॅनर वापरा, दुसऱ्या स्कॅनरनं ब्राउझर उघडतो आणि पुन्हा नेटची गरज.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि ‘फाईल चालत नाही’ आलं, तर दोन गोष्टी बघा. जुने टीव्ही बहुधा फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच ओळखतात, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. व्हिडिओ एच.२६४ प्रकारचा एमपी४ असेल तर तो जवळजवळ सगळीकडे चालतो.

आणि व्हिडिओ सलग दाखवून वहीत सारांश लिहायला लावणं, हा तंत्रज्ञानाचा दोष नाही, आपला आहे. दोन-तीन मिनिटं दाखवा, थांबवा, ‘आता पुढे काय होईल?’ विचारा, मग चालू करा. बीज रुजताना दाखवायचं तर वर्गात मटकी भिजत घातलेली असू द्या. फडक्यातली मटकी दोन दिवसांत मोड काढते आणि तिला चार्जिंग लागत नाही.

जुना संगणक भंगारात काढण्याआधी

संगणक चालू होतो, पण तारीख भलत्याच वर्षाची, आणि प्रत्येक संकेतस्थळावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा. नेटवाल्याला फोन करू नका. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. त्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, किमतीला किरकोळ. तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं मुदतीबाहेरची वाटतात, म्हणून ब्राउझर अडवतो. प्लग काढून सेल बदला, तारीख-वेळ लावा.

पावसाळ्यानंतर चालू केल्यावर नुसता पंखा फिरतो, बीप-बीप वाजतं, पडदा काळा. बहुतेकदा रॅमच्या पट्टीवर ओलाव्यानं थर धरलेला असतो. वीज पूर्ण काढा, डब्याच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढा. सोनेरी टोकं साध्या खोडरबरानं हलकी घासा, कोरड्या सुती फडक्यानं पुसा, बोट लावू नका. परत बसवताना दोन्ही खिट्ट्यांचा ‘टक’ आवाज यायला हवा. एकच आला तर पट्टी अर्धवट बसली आहे.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. संगणक त्यानंतरही चालतो, पण नोंदवलेल्या मुदतवाढीविना सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून त्यावर पोर्टलची आणि मुलांच्या माहितीची कामं करू नका. विंडोज ११ न पेलणारा संगणक लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकून वर्गात चित्रकला, टायपिंग, गणिताचे खेळ यांसाठी आरामात वापरता येतो.

एक कागदी चूकही यातच सांगतो. वर्गणीदारानं वस्तू स्वतःच्या नावावर घेतली, बिल त्याच्याच घरी, आणि वॉरंटी मागायला गेलं की अडचण. बिल शाळेच्या नावावर घ्या, अनुक्रमांकासह जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची (उष्णतेनं छापलेली) अक्षरं वर्षभरात उडतात.

टॅब कुणाच्या खात्यावर?

दहाही टॅबवर गुरुजींचं वैयक्तिक गूगल खातं, ही चूक शाळाशाळांत आढळते. मग मुलांच्या हातात गुरुजींचे फोन नंबर, घरचे फोटो आणि यूट्यूबवर त्यांनी रात्री पाहिलेलं सगळं. शाळेचं वेगळं खातं काढा. सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात ‘ॲप पिनिंग’ चालू करा, म्हणजे उघडलेल्या ॲपमधून मूल पिनशिवाय बाहेर पडत नाही. मुलांचे फोटो, नावं, गुण यांच्या बाबतीत जपून राहा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. वर्गाचा व्हिडिओ गटावर टाकताना ‘सगळेच टाकतात’ हे कारण चालणार नाही.

एका टॅबला तीन मुलं बसवा. एक हाताळेल, एक सांगेल, एक पाटीवर लिहील, आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलतील. ही बदली घड्याळ लावूनच करा. सांगून सोडून दिलं की टॅब दांडग्या मुलाच्या हातातच राहतो आणि मुली मागून बघत बसतात.

उन्हाळी सुट्टीत टॅब पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण संपवून कपाटात टाकू नका. निम्म्या चार्जवर, पूर्ण बंद करून, पत्र्याखालच्या खोलीऐवजी घरातल्या गार जागी ठेवा आणि मेअखेर एकदा काढून पुन्हा निम्म्यावर आणा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, तिथे हे दोनदा करावं लागेल. जूनमध्ये एखाद्या टॅबची पाठ फुगलेली किंवा काच उचललेली दिसली तर तो चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. आत बॅटरी फुगली आहे आणि ती पेटू शकते. मुलांपासून लांब, जळाऊ सामान नसलेल्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, गावच्या भंगारवाल्याला नको.