‘बॉयकॉट’ लिहिताना ‘ऑन’ खोडा

‘दे बॉयकॉटेड ऑन द मीटिंग.’ शिकवणीच्या वह्यांतला हा ‘ऑन’ मी दरवर्षी लाल पेनानं खोडते. मराठीत आपण बैठकीवर बहिष्कार टाकतो, तो ‘वर’ मुलं इंग्रजीतही सोबत नेतात. इंग्रजी क्रियापदाला थेट कर्म द्यायचं : ‘दे बॉयकॉटेड द मीटिंग’. नाम म्हणून वापरलं तर ‘अ बॉयकॉट ऑफ द मीटिंग’.

नियमाआधी मी मुलांना माणूस सांगते. १८८० साल, आयर्लंडमधला मेयो परगणा. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरेशी मिळेना, उलट जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. गावानं काठी उगारली नाही. गडी कामावर येईनात, दुकानदार माल देईनात, टपाल पोचेना. पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला फौज! त्याच वर्षअखेर बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

याला म्हणायचं काय? जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकारानं लिहून ठेवलंय, की ‘ऑस्ट्रसाइझ’ (समाजाबाहेर टाकणं) हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी ‘बॉयकॉट करणं’ सुचवलं. मला ही जागा फार आवडते. शब्द निवडताना तो कुणाच्या तोंडी बसायचाय, याचा विचार त्या धर्मगुरूनं केला.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वाळीत टाकणं. पण आज नुसतं ‘बॉयकॉट’ म्हटलं की बहुतेकदा माल, निवडणूक, परीक्षा, समारंभ असं काही डोळ्यांपुढे येतं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला विलायती मालावरचा बहिष्कार तसाच. कुटुंबाला वाळीत टाकल्याबद्दल लिहायचं असेल तर ‘सोशल बॉयकॉट’ लिहा. महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही हेच शब्द आहेत.

तापामुळे लग्नाला गेला नाहीत, तर तो बॉयकॉट नव्हे. ठरवून, निषेध म्हणून दूर राहिलात तरच. सरकार मालावर बंदी घालतं तेव्हा ‘बॅन’. लोक आपणहून घ्यायचं थांबवतात तेव्हा ‘बॉयकॉट’.

स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ‘टी’. आणि गोष्ट ऐकल्यावर काही मुलं वाक्याच्या मधेही ‘बी’ मोठा काढतात, माणसाचं नाव म्हणून. क्रियापदात तो लहानच.