जुनी गाडी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

निफाडचा पारा घसरला की आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या गॅरेजवर सकाळी सकाळी फोन सुरू होतात. "दादा, गाडी सुरू होत नाहीये, नवीन बॅटरी घेऊनच येऊ का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी हेडलाइट लावा, सेल्फ मारा आणि लाइट काय करते ते सांगा.

लाइट एकदम मंद झाली तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. लाइट झगझगीत राहिली आणि नुसतं 'टक' वाजलं, तर बॅटरीला दोष देऊ नका. दोष सेल्फमध्ये (इंजिन फिरवणारी मोटर), सॉलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा इंजिनच्या अर्थिंगमध्ये (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी तारांची पट्टी) असतो. अर्थिंगकडे मात्र कोणी बघतच नाही.

गंगापूर रोडच्या एका काकांची पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी अशीच आली. दुसरीकडे आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला आणि शेवटी "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय" असं सांगून मोठा खर्च काढला. काका रडकुंडीला आले होते. मी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर धरली आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको; मीटर चारच्या वर गेला. हात लावला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम! अर्थिंगची पट्टी कुजली की करंट मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो. बॅटरी ट्रेच्या खाली, गिअरबॉक्सच्या बोल्टवर हिरवी-पांढरी भुकटी साचली होती आणि पट्टीच्या चारदोन तारा तेवढ्या शाबूत होत्या. पट्टी नवीन टाकली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, वर व्हॅसलीन लावलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पट्टीची किंमत त्या बॅटरीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. त्याआधी दोघांनी गाडीला हात लावला, पण मीटर कोणीच लावला नाही, याचा मला आजही राग येतो.

दुसरी चूक चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याची. हल्ली मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर सगळ्यांकडे असतो. गाडीने साठवलेला बिघाडाचा कोड वाचायचा, पुसायचा, दिवा गेला की गाडी बरी झाली म्हणायचं. काही जण तर सरळ बॅटरीचं टर्मिनल काढतात. कोडसोबत बिघाड झाला त्या वेळचा वेग, तापमान, लोड हेही साठवलेलं असतं. ते पुसलं की आमचा माग तुटतो. आधी फोटो काढा, मग हवं ते करा.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. 'पी०१७१' दिसला की लगेच ऑक्सिजन सेन्सर मागवणारे मला रोज भेटतात. हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे, एवढंच सांगतो. जुन्या गाडीत बहुतेक वेळा इनटेकचा, म्हणजे इंजिनला हवा नेणारा, रबरी पाइप तडकलेला असतो. इंजिन चालू ठेवून कान द्या, 'सुऽऽ' आवाज येतो. सेन्सरला मी सगळ्यात शेवटी हात लावतो.

पिवळा दिवा स्थिर असेल तर जपून गॅरेजपर्यंत या. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये; न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जळतो. घाई करणाऱ्यांना हा खर्च कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ऑइलचा लाल दिवा लागला तर "कसारा चढून इगतपुरीला बघू" असं अजिबात नको. तो प्रेशरचा दिवा आहे. गाडी बाजूला घ्या आणि त्याच क्षणी इंजिन बंद करा.

बॅटरीचा दिवा चालू गाडीत लागला तर आधी बेल्ट बघा, मग अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग). इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर तो जळतो.

डिझेल गाडीत हिटर प्लगचा (इंजिन आतून तापवणारा प्लग) दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नका. डिसेंबरच्या पहाटे एवढाही धीर नसलेली माणसं बॅटरी आणि सेल्फ दोन्हींची वाट लावतात.

ट्रकवाल्याकडून जंप घेताना, म्हणजे त्याच्या बॅटरीला केबल जोडून गाडी सुरू करताना, आधी विचारा. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, तुमच्या गाडीत १२. आणि काळ्या केबलचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर नको, इंजिनच्या लोखंडावर लावा. बॅटरीतून निघणाऱ्या गॅसजवळ ठिणगी पडायला नको.

जुनी गाडी विकत घेत असाल तर चावी ऑन करून डॅशबोर्डवरच्या मीटरकडे बघा. चेक इंजिनचा दिवा लागून, गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर तो लागलाच नाही, तर दिवा गेलाय किंवा कोणीतरी मुद्दाम काढून ठेवलाय. स्कॅनर लावल्याशिवाय त्या गाडीचा बयाणा देऊ नका.