लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची) गाठ काढायच्या आदल्या दिवशी

आधी फॉर्मलिन (ऊती टिकवणारं द्रावण) नसलेली डबी. फॉर्मलिनची बाटली ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतेच, पण सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजची डबी कुणी मागितल्याशिवाय येत नाही. गाठ निघाली की सवयीने अख्खी फॉर्मलिनमध्ये जाते, आणि मग फ्लो सायटोमेट्री (जिवंत पेशींवरची तपासणी) गेली, टीबीचं कल्चरही (जंतू वाढवून बघणं) गेलं. मागच्या वेळी हेच राहिलं. आपल्याकडे मानेच्या गाठीत टीबीची शंका कायम असते, त्यामुळे हा ताजा तुकडा दुहेरी कामाचा. गॉज ओला हवा, सलाइनचं तळं नको, पेशी खराब होतात. लॅबला आदल्या दिवशीच फोन करा आणि शनिवारी संध्याकाळी गाठ पाठवू नका.

संमतीपत्र, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नेहमीचंच. स्टेरॉइड सुरू आहे का, हे मात्र विचाराच. थोड्या डोसांतही लिम्फोमाच्या पेशी मरतात आणि रिपोर्टात नुसता नेक्रोसिस (मेलेली ऊती) येतो. श्वासनलिका दाबली जात असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्टेरॉइड थांबवता येत नाही.

पेट स्कॅनमध्ये जास्त उजळलेली, हाताशी येणारी गाठ निवडा. मानेची मिळत असताना जांघेतली नको, तिथे रिअ‍ॅक्टिव्ह (संसर्गासारख्या कारणाने सुजलेल्या) गाठी फार. एफएनएसीवर (बारीक सुईने पेशी ओढण्यावर) भागवू नका, गाठीची रचना दिसत नाही. अख्खी गाठ काढता येत नसेल तर जाड सुईने अनेक कोअर (लांबट तुकडे) घ्या.

लॅबमध्ये आधी इम्प्रिंट (काचेवर गाठीचा ठसा), मग फ्लोसाठी ताजा तुकडा आरपीएमआयमध्ये (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात), कल्चरसाठी एक निर्जंतुक डबीत. हे झाल्यावरच उरलेल्याचे 3 मिमीचे काप दहापट फॉर्मलिनमध्ये. न कापता टाकलेली गाठ मधून कच्ची राहते, आणि तिथला केआय-67 (किती पेशी वाढताहेत त्याचा टक्का) खोटा कमी येतो.

डीएलबीसीएलसाठी (मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमासाठी) सीडी20, सीडी3, सीडी10, बीसीएल6, एमयूएम1, बीसीएल2, एमवायसी, केआय-67 हे प्रथिनांचे मार्कर एकदमच मागा. हान्सच्या पद्धतीत (डीएलबीसीएलचा उपप्रकार ठरवताना) 30 टक्के पॉझिटिव्ह पेशींची रेषा. एमवायसी 40 आणि बीसीएल2 50 टक्क्यांच्या वर गेले तर डबल एक्स्प्रेसर (दोन्ही प्रथिनं जास्त). पण त्याला डबल हिट लिहू नका! ते फिशवर (जनुकं चमकवून बघणाऱ्या तपासणीत) जनुकांची तोडजोड दिसली तरच. दोन्ही वाईट, पण दुसऱ्यात उपचारच बदलू शकतो, म्हणून फिशसाठी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) राखून ठेवा. आयपीआयसाठी (आजाराचा अंदाज देणाऱ्या स्कोअरसाठी) वय, रक्तातलं एलडीएच, ईसीओजी (रुग्ण किती हिंडता-फिरता आहे त्याची श्रेणी), स्टेज, एक्स्ट्रानोडल (ग्रंथींबाहेरच्या) जागा फॉर्मवर लिहा.

मँटल लिम्फोमामध्ये सायक्लिन डी1, एसओएक्स11 हे मार्कर. केआय-67 30 टक्क्यांवर किंवा टीपी53 जनुक बिघडलेलं असेल तर पुढचं कठीण. अ‍ॅनाप्लास्टिक लिम्फोमामध्ये एएलके, पॉझिटिव्ह असेल तर बरं. हॉजकिन लिम्फोमामध्ये सीडी30, सीडी15, फिकट पॅक्स5. बोनमॅरोचं डिकॅल्सिफिकेशन (हाडातलं कॅल्शियम काढणं) ईडीटीएने, आम्लाने डीएनए जातो. रिटुक्सिमॅब या औषधाआधी हिपॅटायटिस बी तपासा, अँटी-एचबीसीसकट (जुन्या संसर्गाची खूण).

आणि ओटीत शिरताना पुन्हा बघा, फॉर्मलिन नसलेली डबी ट्रॉलीवर आहे ना, नाव-नंबर लावून.