नीतीवरून देव सिद्ध होतो का, हे कसे तपासावे

नीती आहे म्हणून देव आहे, असा एक युक्तिवाद केला जातो. तो तपासताना आधी त्याची विधाने कागदावर सुटी मांडावीत. देव नसता तर सर्वांना सारखीच लागू पडणारी नीती नसती. अशी नीती तर आहे. म्हणून देव आहे. पहिली दोन मान्य केली की तिसरे टाळता येत नाही, त्यामुळे कस त्या दोहोंचाच लावायचा.

दुसरे विधान आधी घ्यावे, कारण ते सोपे आहे. समजा, सांगलीच्या बाजारात हळदीचे पोते तोलताना कोणी काट्यात अर्ध्या किलोची खोट ठेवली, ती शेतकऱ्याला कधीच कळली नाही आणि सारा बाजार तसेच करू लागला. तरीही ते मापात पापच राहते. रूढी बदलतात हे खरे, पण अस्पृश्यता रूढ होती म्हणून ती कधी न्याय्य ठरली नाही.

अधिक वेळ पहिल्या विधानाला द्यावा. वजनावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का असतो. मात्र शिक्क्याने वजन बरोबर होत नाही, बरोबर असते म्हणून शिक्का बसतो. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस असेच विचारतो: देवांना प्रिय म्हणून कृती पवित्र, की पवित्र म्हणून प्रिय? देवाची आज्ञा नुसता शिक्का असेल, तर नीती तिच्याआधीच उभी आहे.

यावर आस्तिकाचे उत्तर पुरते ऐकावे. १८८९ ते २०१९ या काळात किलो म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक ठोकळा होता. तो बरोबर आहे का, हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण माप तोच होता. देवाचा स्वभाव हे चांगुलपणाचे तसेच माप आहे, असे आस्तिक म्हणतो. हे उत्तर मला वजनदार वाटते; तरी मापासाठी दुसरा ठोकळाही निवडता आला असता, दयेच्या जागी क्रौर्य मात्र निवडता आले नसते, आणि ही उपमा मला तिथेच तुटताना दिसते.

एक गल्लत कटाक्षाने टाळावी. नीती कळणे वेगळे आणि तिला आधार असणे वेगळे. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी स्त्री-पुरुषांची समता निर्मिकावर, म्हणजे जग निर्माण करणाऱ्या देवावर, उभी केली. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेल्या आगरकरांनी देवाचा आधार न घेता सुधारणेचा आग्रह धरला. एवढ्यावरून फुल्यांचा निर्मिक खोटा ठरत नाही. नीती कळायला देव मानावाच लागतो, हा दावा तेवढा पडतो.