डाळ मिलचा प्रकल्प अहवाल 'प्रस्तावने'तच अडला होता, असा सुटला

लक्षण: 'प्रस्तावना' एवढा मथळा लिहिला की पुढे ओळच सुचत नाही. तूर घरची, जागा गावातली, तरी कागद कोराच. फार वैताग येतो.

दुसऱ्याच्या अहवालाची नक्कल चालली नाही. त्याचे आकडे आपल्या यंत्राशी जुळतच नाहीत. ऑनलाइन मिळणारी तयार भाषाही पोकळच.

प्रस्तावना सोडून यंत्राच्या कोटेशनपासून (विक्रेत्याच्या दरपत्रकापासून) सुरुवात केली, तेव्हा गाडी हलली. आधी त्यावरची जीएसटीसह किंमत, ताशी क्षमता आणि मोटरचा एचपी वहीत उतरवा. समजा ताशी 1 क्विंटल आणि काम 6 तास, म्हणजे 6 क्विंटल तूर. शंभर किलोला 70 किलो डाळ धरा (जास्त धरलं की पुढचा सगळा नफा फुगतो), म्हणजे 420 किलो. चुनी-टरफलाची (डाळीचा चुरा आणि साल) विक्री वेगळ्या ओळीत. वीज: मोटर 3 एचपीची असेल तर 3 × 0.746 (एक एचपी म्हणजे 0.746 किलोवॅट) × 6 तास, साधारण 13.4 युनिट.

मग बारा महिन्यांचा तक्ता करा, वार्षिक सरासरी नको. आपल्याकडे नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत येते. खरेदीचा पैसा तेव्हाच अडकतो आणि खेळतं भांडवल तिथूनच ठरतं. गावकऱ्यांची तूर भरडून देण्याची मजुरी स्वतंत्र दाखवा, त्यात भांडवल गुंतत नाही.

त्यानंतर पैशाची जुळवणी. पीएमएफएमईत (लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची कर्ज-अनुदान योजना) स्वहिस्सा किमान 10 टक्के. अनुदान 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी, याच आकड्यांवरून: काय, कुठे, किती, कोणाला विकणार. पाच-सहा ओळी पुरतात.