शूटिंगआधी मेमरी कार्डाची परीक्षा कशी घ्यावी

कार्डावर ठळक छापलेला ‘१७० एमबी प्रति सेकंद’ हा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. व्हिडिओ घेताना कॅमेरा कार्डावर लिहीत असतो. तिथे महत्त्व कमाल वेगाला नाही, शेवटपर्यंत टिकणाऱ्या किमान वेगाला आहे. तो बारीक खुणांत सापडतो: इंग्रजी सी अक्षरातला १० किंवा यू अक्षरातला १ म्हणजे किमान १० एमबी, यूमधला ३ किंवा व्ही३० म्हणजे ३० एमबी.

आता कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे तो सेकंदाला किती मेगाबिट लिहितो तो आकडा, पाहा आणि त्याला आठने भागा (आठ बिट म्हणजे एक बाइट). १०० मेगाबिटला सेकंदाला १२.५ एमबी लागतात, म्हणजे व्ही३० कार्ड आरामात पुरतं. दुकानदार व्ही९० गळ्यात मारत असेल, तर हा भागाकार त्याच्यासमोरच करा.

कार्डावर काही असेल तर ते दुसरीकडे उतरवून कार्ड फॉरमॅट करा. कार्ड रीडर यूएसबी ३ चाच घ्या. यूएसबी २ चा रीडर ३५-४० एमबीच्या पुढे जात नाही आणि दोष उगाच कार्डावर येतो.

मग खरी कसोटी. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. दोन्ही फुकट आहेत. हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतात. अर्धवट भरून उपयोग नाही. बनावट कार्डात आत ८ जीबीची चिप असते आणि ते कॉम्प्युटरला १२८ सांगतं. ८ जीबी संपल्यावर पुढच्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा गायब होतात, पण कॉपी करताना सगळं सुरळीत दिसतं. (६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ च्या आसपास दिसतं. ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.) ३० एमबीच्या वेगाने ६४ जीबी लिहायला पस्तीसेक मिनिटं लागतात, वाचायचा वेळ वेगळा. लिहिताना वेगावर नजर ठेवा. काही कार्डं सुरुवातीला सुसाट पळतात आणि मग दम टाकतात, म्हणून १ जीबीच्या फायलीवर घेतलेल्या झटपट चाचणीवर विसंबू नका.

शेवटची चाचणी कॅमेऱ्यातच. तिथे कार्ड पुन्हा फॉरमॅट करा, सर्वांत वरची क्वालिटी लावा आणि कॅमेरा रहदारीकडे किंवा हलत्या झाडाकडे रोखा. लेन्सवर झाकण ठेवून रेकॉर्डिंग करू नका. काळं चित्र दाबून इतकं लहान होतं की कार्डावर भारच येत नाही. कार्ड भरेपर्यंत चालू द्या, मध्ये कॅमेरा आपोआप थांबला तर लगेच पुन्हा सुरू करा. नंतर फायली कॉम्प्युटरवर उतरवून पाहा, विशेषतः ३२ जीबीपर्यंतच्या कार्डात ४ जीबीला क्लिप तुटते तो सांधा.

चूक निघाली तर आधी रीडर बदलून पाहा. पुन्हा निघाली तर कार्ड परत करा. मुदत उलटली असेल तर गाडीतल्या गाण्यांना वापरा, लग्नाच्या शूटिंगला नको. अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत.