टीव्हीवर मेमरी कार्ड चालत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"कार्ड लावलं, टीव्हीवर काही दिसेना, म्हणून फॉरमॅट मारून बघितला." दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं की मी आधी एकच विचारतो: कार्डातलं दुसरीकडे कुठे घेऊन ठेवलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं. टीव्हीचा बोर्ड जळाला तर नवा बसवता येतो, बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून हे लिहितोय.

आधी फॉरमॅट, मग चौकशी

टीव्हीने कार्ड उघडलं नाही म्हणजे कार्ड खराब झालं, असा अर्थ होत नाही. कार्डात फाइली मांडून ठेवायच्या ठरलेल्या पद्धती असतात; ३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा त्यातल्या फॅट३२ पद्धतीने तयार होऊन येतात. ६४ जीबी आणि त्यापुढची, म्हणजे एसडीएक्ससी प्रकारातली, एक्सफॅट या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत येतात. २००९ साली एसडीएक्ससी आलं तेच एक्सफॅट धरून. आता टीव्हीच्या पोटात बहुधा लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं सॉफ्टवेअर असतं आणि एक्सफॅट वाचायचं तर मायक्रोसॉफ्टचा परवाना लागायचा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि ते लिनक्समध्ये घ्यायला वाट मोकळी झाली. त्याआधीच्या, विशेषतः कमी किमतीच्या, बऱ्याच टीव्हींमध्ये ही सोय नाहीच. कार्ड ठणठणीत, टीव्ही ठणठणीत, फक्त एकाची मांडणी दुसऱ्याला कळत नाही. संगणकावर कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडल्या की ती कोणत्या पद्धतीची आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. एवढं बघायलाही लोक थांबत नाहीत.

एका घरी आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा झाला. नातवाने सगळं आपल्या कॅमेऱ्यात टिपलं, कार्ड ६४ जीबीचं. पाहुणे घरात असतानाच मोठ्या पडद्यावर बघू, म्हणून कार्ड रीडरमध्ये घालून जुन्या एलईडी टीव्हीला लावलं. टीव्ही म्हणाला, उपकरण चालत नाही. कुणीतरी मोबाइलवर 'दोन मिनिटांत उपाय' छाप व्हिडिओ शोधला. त्यात सांगितलं होतं, फॅट३२ करा, लगेच चालेल. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपुढच्या कार्डाला फॅट३२चा पर्यायच दिसेना, तर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फॉरमॅट झाला, टीव्हीने कार्ड उघडलं, सगळे खूश. चालतंय का बघायला त्यावर एक सिनेमा टाकला, तो चाललाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सोहळा कुठे आहे?

कार्ड माझ्याकडे आलं ते दुसऱ्या दिवशी. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत काढली आणि त्या प्रतीवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. फोटो बरेचसे परत आले. पण सिनेमा जिथे लिहिला गेला होता तिथलं काही आलं नाही, आणि ८१ दिव्यांनी आजींना ओवाळल्याचं चित्रण नेमकं तिथलंच होतं. फॉरमॅटपेक्षाही घात केला तो त्या सिनेमाने. झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त यादी पुसली जाते, मजकूर जागेवर असतो. त्यावर दुसरं काही लिहिलं की तो जातो. व्हिडिओ करणारे पहिली पायरी म्हणून "आधी सगळं कॉपी करून घ्या" एवढं एक वाक्य का बोलत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

माझी पद्धत सांगतो. कॅमेऱ्याचं किंवा फोनचं मूळ कार्ड मी टीव्हीला लावतच नाही. कार्ड संगणकात घालायचं, सगळं कॉपी करायचं, कॉपी झालेल्यातल्या चार फाइली उघडून शेवटपर्यंत सरकवून बघायच्या. मग १६ किंवा ३२ जीबीच्या, फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर हवं तेवढं टाकून तो टीव्हीला लावायचा. वेळ जास्त जातो. जाऊ द्या. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. लग्नाची मोठी फाइल असेल तर ती तुकडे करून किंवा लहान करून टाकावी लागते.

अँड्रॉइड टीव्ही असेल तर आणखी जपा. कार्ड लावलं की तो विचारतो, हे टीव्हीची साठवण म्हणून वापरायचं का? घाईने "हो" दाबलं की कार्ड पुसलं जातं आणि कुलूपबंद होऊन त्या एकाच टीव्हीला बांधलं जातं. फोनमध्ये कार्ड 'अंतर्गत साठवण' म्हणून वापरलं असेल तर हेच आधी फोनने केलेलं असतं. असं कार्ड टीव्ही काय, लॅपटॉपही वाचू शकत नाही आणि फॉरमॅट करायला सांगतो. तेव्हा "नको" म्हणा, कार्ड त्याच फोनमध्ये परत घाला आणि फोनमधूनच फाइली बाहेर काढा.

फॉरमॅट होऊनच गेला असेल तर कार्ड त्या क्षणी काढा. चालतंय का बघायला एक फोटोसुद्धा काढू नका.

फाइल दिसते पण चालत नाही, म्हणून नाव बदलणं

एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ केलं की टीव्ही फसेल, असं सांगणारे अजून भेटतात. एमपी४, एमकेव्ही ही फक्त डब्यांची नावं. टीव्हीला अडचण असते आतल्या मालाची: चित्र दाबून साठवायची पद्धत एच.२६४ आहे की नवी एच.२६५, आवाज कोणत्या प्रकारचा आहे. नवे फोन जागा वाचवायला एच.२६५ मध्ये चित्रण करतात आणि जुना टीव्ही ते उलगडू शकत नाही. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, पुढचं चित्रण एच.२६४ मध्ये होईल. फोटोही आयफोनच्या हीक प्रकाराऐवजी नेहमीच्या जेपेगमध्ये येतील, कारण हीक फोटो बरेच टीव्ही दाखवत नाहीत.

आधीचं चित्रण बदलून घ्यायला हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो, त्यातला 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय. जुन्या लॅपटॉपवर तासाच्या चित्रणाला बराच वेळ लागतो. रात्री लावून झोपा. वेळ वाचवायला ऑनलाइन कन्व्हर्टरवर घरच्या बायकामुलांचे व्हिडिओ चढवणं मला अजिबात पटत नाही.

चित्र येतं पण आवाज नाही, ही तक्रार घेऊन एक गृहस्थ आले होते. त्याआधी एका ठिकाणी त्यांच्या टीव्हीचे स्पीकर बदलून झाले होते, पैसेही दिले होते. केबलचे चॅनेल लावले तर आवाज खणखणीत. फाइलमधला आवाज डीटीएस प्रकारचा होता आणि त्यांच्या टीव्हीला तो कळत नव्हता, एवढंच. सॅमसंगने २०१८च्या मॉडेलांपासून डीटीएस काढलं, एलजीने २०२० मध्ये काढून २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणलं. आवाज एएसी या सर्रास चालणाऱ्या प्रकारात बदलला की काम झालं. फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर हे सगळं अर्ध्या मिनिटात दिसतं. स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर हातात घ्यायचा.

बाकीच्या चुका

'सर्व्हिस' लिहिलेल्या यूएसबी पोर्टला कार्ड लावणं. बऱ्याच जुन्या टीव्हींत तो फक्त सॉफ्टवेअर भरण्यासाठी असतो.

जुना रीडर. ३२ जीबीपर्यंतचाच असेल तर मोठं कार्ड लागेलच असं नाही. आधी रीडर बदलून बघा.

अ‍ॅडॉप्टरवरचं 'लॉक' पुढेमागे करत बसणं. ते लिहिणं अडवतं, वाचणं नाही.

मॅकवरून कॉपी केलं की टीव्हीवर प्रत्येक फाइलची जोडी दिसते. टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी नावं व्हिडिओ नसतातच, ती चालणारच नाहीत.

ओटीटी अ‍ॅपमधलं 'डाउनलोड' कार्डावर घेऊन टीव्हीवर चालवायचा हट्ट. ते त्या अ‍ॅपबाहेर उघडत नाही.

फुटपाथवरचं स्वस्त '५१२ जीबी' कार्ड. सुरुवातीच्या फाइली चालतात, नंतरच्यांची नुसती नावं उरतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३ ही तपासणीची सॉफ्टवेअरं लावून खरी जागा मोजा. मोजण्याआधी कार्डात जे उघडतंय ते बाहेर काढा.

आणि दोष टीव्हीचा की फाइलचा हे कळत नसेल, तर एक छोटी एच.२६४-एएसी एमपी४ फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर कायम ठेवा. माझ्या टेबलाच्या खणात तशी एक असते. ती त्याच पोर्टवर चालली तर टीव्ही उघडायचा नाही, संगणकाकडे वळायचं. तीही चालली नाही तर मात्र टीव्ही दुकानात घेऊन या.